जुना व्हॉल्व्ह रेडिओ घरच्या घरी बोलता करताना

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या २५ वर्षांत या सभागृहात मी बरंच बोललो आहे. पण ते सगळं पाण्याच्या टाकीवर, पार्किंगवर नाहीतर सिंकिंग फंडावर. आज पहिल्यांदाच कमिटीने ‘तुमच्या आवडीचं काहीही बोला’ अशी सूट दिली आहे, तिचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

मी काही रेडिओ मेकॅनिक नाही. एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये ३३ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचा नाद लागला. आतापर्यंत ११ सेट हाताखालून गेले. त्यातल्या एकाच सेटबद्दल आज सांगतो, कारण तो आपल्याच सोसायटीतला आहे. बी विंगमधल्या काकू समोरच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच बोलतोय.

काका गेले, त्याला दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून सामान हलवलं, तेव्हा माळ्यावरून हा सेट खाली आला. लाकडी कॅबिनेट, पुढे काचेची डायल, चार बटणं, एक मीडियम वेव्ह आणि दोन शॉर्ट वेव्ह. मुलाचं म्हणणं असं की, हा चालत नाही, तीस वर्षं कुणी लावलेला नाही, तर आतलं सगळं काढून ब्ल्यूटूथचा स्पीकर बसवू. कॅबिनेट तरी दिवाणखान्यात शोभेल. सूनबाईंचं म्हणणं, भंगारवाल्याला द्या. काकूंचं म्हणणं, “आधी कुणीतरी उघडून बघा.” म्हणून तो माझ्याकडे आला.

आता मुलांसाठी थोडं मागचं सांगतो. आपल्या देशात रेडिओचं नियमित प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी मुंबईतून सुरू झालं. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, याच पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक अशी ५६ गाणी वर्षभर चालली. तेव्हा वाड्यात एखाद्याच घरी रेडिओ असे. त्या घरात बसायला जागा पुरायची नाही, मग उरलेले जिन्यात बसायचे. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’, आणि ३ ऑक्टोबर १९५७ पासून विविध भारती. मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही, जीईसी ही नावं तेव्हा घरच्या माणसांसारखी घेतली जात. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता.

आणि रेडिओ ठेवायला परवाना लागायचा, बरं का! पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, पुस्तिकेवर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. काकूंच्या सेटबरोबर ती पुस्तिकाही मिळाली. पहिला शिक्का १९६१ चा, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या वर्षाचा.

आता हा व्हॉल्व्ह म्हणजे काय? काचेची बंद नळी, आतली हवा काढून टाकलेली. मध्ये एक तार तापून लाल होते. तिच्यामुळे कॅथोड नावाचा भाग तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या पत्र्याला, म्हणजे ॲनोडला, मोठा धन दाब दिलेला असतो, तो त्यांना ओढून घेतो. मध्ये तारेची बारीक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. कालव्याचं दार थोडं खालीवर केलं की पाण्याचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो ना, तसंच ग्रिडवरच्या अगदी छोट्या बदलाने ॲनोडचा मोठा प्रवाह बदलतो. एरियलवर आलेला क्षीण संकेत असाच वाढत वाढत स्पीकरपर्यंत जातो.

स्टेशन लावण्याची युक्तीही समजून घेण्यासारखी आहे. आकाशवाणी पुणे लागतं ७९२ किलोहर्ट्झवर. काटा तिथे नेला की सेट स्वतःच्या आत १२४७ किलोहर्ट्झची लहर तयार करतो. दोन्हींतला फरक येतो ४५५. मुंबईचं ५५८ लावलं, तर आतली लहर होते १०१३. फरक पुन्हा ४५५. म्हणजे स्टेशन कुठलंही असो, ते आधी एकाच मापाचं करून घ्यायचं आणि पुढची सगळी यंत्रणा त्या एकाच मापासाठी बनवायची. याला सुपरहेटरोडाइन म्हणतात. एडविन आर्मस्ट्राँग यांनी ही कल्पना १९१८ मध्ये मांडली, आणि आजही रेडिओत तीच वापरतात.

काकूंच्या सेटमध्ये चार व्हॉल्व्ह होते: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ आणि यूवाय ८५. यातलं पहिलं अक्षर ‘यू’ फार महत्त्वाचं. नाव ‘ई’ने सुरू होत असेल, तर तापणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट लागतात आणि सेटमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. ‘यू’ असेल तर सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा दिवाळीच्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. १९, १९, ५० आणि ३८ मिळून झाले १२६ व्होल्ट. घरात येतात २३०. उरलेले शंभरेक व्होल्ट एका मोठ्या रेझिस्टन्समध्ये उष्णता म्हणून जातात. म्हणून असे सेट वरून गरम लागतात. आणि माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ बंद, तसंच एका व्हॉल्व्हची तार तुटली की सगळा सेट मुका.

त्या काळी काही शहरांत डीसी वीज होती. एसी आणि डीसी दोन्हींवर चालावा म्हणून हा प्रकार काढलेला. पण त्यात एक मोठी गोम आहे, आणि आजच्या भाषणातलं एवढंच जरी घरी नेलंत तरी पुरे. अशा सेटमध्ये आतला लोखंडी सांगाडा, म्हणजे चॅसी, थेट मेनच्या एका वायरला जोडलेला असतो. प्लग दोन पिनांचा. तो उलटा बसला की चॅसीवर २३० व्होल्ट! बाहेरून दिसतं लाकूड आणि बटणं. पण बटणाच्या आत जो छोटा स्क्रू असतो, तो चॅसीशी जोडलेल्या दांड्याला टेकतो. कारखान्यात त्या स्क्रूवर मेण भरलेलं असे. साठ वर्षांत ते मेण गळून गेलं. मागचा पुठ्ठा निघालेला असतो. घरात नातवंडं असतात. त्यामुळे ‘माळ्यावरून काढला, पुसला आणि लावून बघितला’ असं कुणीही, कधीही करू नये.

काकूंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, की सेट वाजला नाही तरी चालेल, पण सुरक्षित झाल्याशिवाय मी तो परत देणार नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही दोन्ही करा.”

काम कसं केलं ते क्रमाने सांगतो.

पहिले दोन दिवस प्लगला हात नाही. आधी सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो, म्हणजे कुठली वायर कुठे होती याचा वाद नको. मग मऊ ब्रशने धूळ काढली. आत झुरळांची अंडी होती आणि उंदराने एक वायर कुरतडलेली. रबराच्या जुन्या वायरी हाताळल्या की आवरणाचा भुगा पडत होता, त्या बदलल्या. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या सापडल्या. त्या काळचे मेकॅनिक काय बदललं ते आतच लिहून ठेवत. शेवटची नोंद १९८३ ची होती. त्याखाली मी माझी नोंद केली आहे.

तिसऱ्या दिवशी मल्टिमीटर. व्हॉल्व्हच्या तारा तपासल्या. यूवाय ८५ ची तार तुटलेली. माळ तिथेच खंडित होती. काचेच्या आत जो चांदीसारखा डाग दिसतो, तोही पाहायचा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली असं समजायचं. बाकी तिन्हींचे डाग चकचकीत होते. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याची बारीक तार तुटलेली असताना सेट लावला, तर शेवटच्या व्हॉल्व्हची आतली जाळी लाल होऊन तोही जातो. नशिबाने तो शाबूत होता.

चौथ्या दिवसापासून कंडेन्सर. जुन्या रेडिओचं आजारपण बहुतेक इथेच असतं. मेण आणि कागदाचे कंडेन्सर काळाने दमट होतात आणि त्यांतून वीज गळते. त्यातला एक सगळ्यात घातक: शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला. त्याचं काम आवाजाचा संकेत पुढे पाठवायचा आणि मागचा मोठा डीसी दाब अडवायचा. तो गळायला लागला की ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त प्रवाह खेचतो, आधी आवाज फाटतो आणि मग व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळतात. म्हणून हा कंडेन्सर तपासत बसायचं नाही, सरळ बदलायचा. कागदाचे सगळे काढून ६३० व्होल्टचे पॉलिस्टर घातले. मोठ्या फिल्टर कंडेन्सरचा ॲल्युमिनियमचा डबा वर दिसायला तसाच ठेवला आणि खाली नवे जोडले. त्यांची क्षमता मूळचीच ठेवायची. ‘जास्त घातला तर चांगलं’ असं इथे नसतं, रेक्टिफायरवर ताण येतो.

एरियलच्या सॉकेटवरचा कंडेन्सरही कुणी विसरू नये. अशा सेटमध्ये चॅसीची वीज एरियलच्या तारेत जाऊ नये म्हणून तो घातलेला असतो. तो बिघडला, तर गॅलरीत कपड्यांच्या दोरीशेजारी बांधलेली तार धक्का देऊ शकते. तिथे सुरक्षेसाठीच बनवलेला ‘वाय’ वर्गाचाच कंडेन्सर हवा.

सामानासाठी फार हिंडावं लागलं नाही. तपकीर गल्लीत कंडेन्सर आणि रेझिस्टन्स मिळाले. यूवाय ८५ जुन्या बाजारात, तिसऱ्या रविवारी मिळाला. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्ह बनवले होते, ते अजून अधूनमधून दिसतात. जे रेझिस्टन्स वय झाल्यामुळे मूळ किमतीच्या फार वर गेले होते, ते बदलले. व्हॉल्यूम आणि बँड स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. डायलचा दोरा तुटला होता. तो कुठल्या चाकावरून किती वेढे घेऊन जातो हे कोडं सोडवायला एक अख्खी दुपार गेली. शेवटी माशाच्या गळाचा विणलेला दोरा छान बसला. फक्त एका गोष्टीला हात लावला नाही. पत्र्याच्या छोट्या डब्यांतले फिरणारे गाभे. ते कारखान्यात नेमक्या मापाला जुळवलेले असतात. ‘सैल वाटतोय, आवळून बघू’ म्हणून कुणीही ते फिरवू नयेत.

आणि सुरक्षा. वाइंडरकडून २३० ते २३० चा, १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर करून घेतला. आता सेटला वीज त्यातूनच मिळते, त्यामुळे चॅसीचा मेनशी थेट संबंध राहिला नाही. तीन पिनांचा प्लग, योग्य फ्यूज, बटणांच्या स्क्रूंवर पुन्हा मेण, मागे नवा पुठ्ठा. तरीही एक लक्षात ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे घरातला आरसीसीबी तुम्हाला वाचवत नाही. आत दोनशे व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही वेळ राहतो. १० किलोओहमच्या जाड रेझिस्टन्समधून तो पाच-दहा सेकंद उतरवायचा, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा. चालू सेटमध्ये मोजताना एक हात खिशात. कारखान्यातली ही सवय मी आजही सोडलेली नाही.

पहिल्यांदा सेट लावला तो १०० वॅटच्या पिवळ्या बल्बमधून. बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. आमचा बल्ब आधी उजळला, मग मंद झाला. अर्ध्या मिनिटाने स्पीकरमधून बारीक गुणगुण आली. व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच बोलत नाही, तापायला वेळ घेतो. आमची ही म्हणाली, “तुमच्यासारखाच आहे, सकाळी उठल्यावर अर्धा तास बोलायचा नाही.”

स्टेशन लागलं, पण खरखर इतकी की शब्द कळेना. सेट तर ठीक होता. मग लक्षात आलं, १९६१ मध्ये आपल्या जिन्यात एलईडीची ट्यूब नव्हती, घरोघरी मोबाइलचे चार्जर नव्हते. यांतली स्वस्त सर्किटं मीडियम वेव्हवर प्रचंड खरखर सोडतात. मी खिशातला छोटा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला आणि बी विंगमध्ये मजल्या-मजल्यावर फिरलो. काही जणांना वाटलं, मी मीटर रीडिंग घेतोय! दुसऱ्या मजल्यावरून वर जाताना आवाज वाढत गेला आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातल्या एका ट्यूबखाली तो भणाणला. सेक्रेटरींनी ती ट्यूब कुठलाही ठराव न करता त्याच दिवशी बदलली, याची नोंद या स्मरणिकेत राहू द्या. दुसरा गुन्हेगार काकूंच्याच घरातला एक ॲडॅप्टर निघाला. ही तपासणी तुम्हीही करू शकता, पैसे लागत नाहीत.

राहिला ब्ल्यूटूथचा वाद. काकूंचा मुलगा हट्टी नाही, पण त्याचा मुद्दा खरा होता. मीडियम वेव्हची बरीच प्रक्षेपणं गेल्या काही वर्षांत बंद झाली. उद्या लावायला स्टेशनच उरलं नाही, तर हा सेट करणार काय? माझंही म्हणणं खरं होतं की, एकदा आतलं उपटून फेकलं की ते परत येणार नाही. आम्ही दोघं बोलत होतो, काकू ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “आत काय घालायचं ते घाला. पण मी बटण फिरवलं की काटा हलला पाहिजे.” प्रश्न तिथेच मिटला. सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायला दोन सॉकेट असतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे आता ती वापरता येतात. तिथे बॅटरीवरचा छोटा ब्ल्यूटूथ रिसीव्हर लावला. एकही भोक पाडलं नाही, एकही मूळ भाग काढून टाकला नाही. नातू मोबाइलवरून त्याची गाणी वाजवतो, तीही त्याच जुन्या व्हॉल्व्हमधून.

सेट घरी नेला त्या दिवशी सकाळी काकूंनी चष्मा न लावता हात पुढे केला आणि काटा बरोबर पुण्यावर आणला. बातम्या चालू होत्या. पूर्ण ऐकल्या. मग म्हणाल्या, “हे असते तर म्हणाले असते, जरा मोठा कर.” आणि त्यांनीच तो मोठा केला.

आता सोसायटीत बोलतोय म्हटल्यावर हिशेब देणं आलंच. ट्रान्सफॉर्मर १२०० रुपये, कंडेन्सर-रेझिस्टन्स ४००, व्हॉल्व्ह ५००, दोरा आणि स्पीकरचं कापड २५०, लाखेचं पॉलिश १५०. एकूण २५०० रुपये. मजुरी चहा आणि एकदा पुरणपोळी. ऑडिट व्हायला हरकत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या सोसायटीत अजून काही माळ्यांवर असे सेट नक्की आहेत. रंगकाम, नूतनीकरण निघालं की पहिला बळी त्यांचाच जातो. भंगारवाला वजनावर घेतो, त्यातून हाती किती येणार? देण्याआधी मला एक फोन करा. सगळेच सेट वाचतील असं नाही. काहींचा ट्रान्सफॉर्मर गेलेला असेल, काहींना वाळवी लागली असेल. पण त्यांचे व्हॉल्व्ह, डायल, बटणं दुसऱ्या सेटला जीव देतात.

आणि मुलांनो, कमिटीने क्लब हाउसमधलं एक टेबल महिन्यातून एका रविवारी द्यायचं कबूल केलं आहे. सोल्डरिंग कसं करायचं, मल्टिमीटर कसा वाचायचा हे मी शिकवीन. सुरुवात बॅटरीवरच्या छोट्या सर्किटने करू. मेनवरचा सेट मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय कुणी उघडायचा नाही, हा पहिला नियम. येताना वही आणा. काय बदललं, कधी बदललं, हे लिहून ठेवायची सवय लावू. तीस-चाळीस वर्षांनी पुढचा माणूस तो सेट उघडेल, तेव्हा त्याला ते उपयोगी पडेल.